बेसबॉलची १५ एप्रिल

१५ एप्रिल १९४७, मंगळवार. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर नव्या हंगामाचा पहिला सामना होता, ब्रुकलिन डॉजर्स विरुद्ध बॉस्टन ब्रेव्हज. मैदानात बत्तीसेक हजार माणसं मावत. त्या दुपारी आली पंचवीस हजारांच्या वर, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय होती, असा तेव्हाचा अंदाज आहे. डॉजर्सचे खेळाडू मैदानात उतरले तेव्हा पहिल्या बेसवर एक नवा खेळाडू जाऊन उभा राहिला. वय २८, पाठीवर ४२ हा आकडा. जॅकी रॉबिन्सन. साठ वर्षांहून जास्त काळ ज्या मेजर लीगचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं, ते त्या दुपारी उघडलं.

मात्र सामन्याचा नुसता धावफलक पाहिला तर त्यात फारसं काही दिसणार नाही. समोर जॉनी सेन हा त्या काळातला अव्वल पिचर. पहिल्यांदा खेळायला आला तेव्हा रॉबिन्सनने चेंडू तिसऱ्या बेसवरच्या बॉब एलियटकडे सरपटत मारला आणि बाद झाला. दुसऱ्यांदा उंच उडालेला चेंडू डावीकडच्या क्षेत्ररक्षकाने झेलला. तिसऱ्यांदा तर एकाच चेंडूवर दोघे बाद झाले, तो आणि बेसवरचा त्याचा साथीदार. सातव्या डावात ब्रेव्हज ३-२ असे पुढे होते. एडी स्टँकी पहिल्या बेसवर पोचला होता आणि रॉबिन्सन पुन्हा फलंदाजीला आला. त्याने बंट केला, म्हणजे जोराने न मारता चेंडू बॅटला नुसता टेकवून पुढ्यात पाडला. यात फलंदाज स्वतः बाद व्हायची तयारी ठेवतो, म्हणजे साथीदाराला एक बेस पुढे सरकता येतं. ब्रेव्हजच्या अर्ल टॉर्गेसनने चेंडू उचलून घाईने फेकला, तो धावत्या रॉबिन्सनच्या खांद्यावर आपटून लांब गेला. स्टँकी तिसऱ्या बेसवर आणि रॉबिन्सन दुसऱ्यावर. पुढच्या पीट रीझरने चेंडू असा फटकावला की दोघांच्याही धावा झाल्या. डॉजर्स ५-३ असे जिंकले. जिंकवणारी धाव रॉबिन्सनची होती, पण नावावर एकही हिट नव्हता. नवव्या डावात तर बचाव पक्का करायला त्याच्या जागी दुसरा खेळाडू पाठवला गेला.

या बंटबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवशी हजारो नजरा त्याच्यावर खिळल्या होत्या. एक होमरन मारून सगळ्यांची तोंडं बंद करावीत, असं कोणत्याही माणसाला वाटलं असतं. त्याने स्वतःची विकेट देऊ करणारा फटका निवडला, कारण सामन्याची गरज ती होती. या दिवसाचं मोठेपण मला होमरनच्या एखाद्या आकड्यापेक्षा इथे जास्त दिसतं.

दार बंद कसं झालं, हेही सांगायला हवं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर टोलिडोच्या संघातून वरच्या पातळीवर खेळला होता. त्यानंतर मालकांनी आपसात ठरवून टाकलं. लेखी नियम कधीच झाला नाही. लेखी नियम असता तर त्यावर बोट ठेवता आलं असतं, न्यायालयात जाता आलं असतं. इथे तर नियमच नव्हता, होती फक्त सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. १९२० पासून बेसबॉलचे आयुक्त असलेले केनेसॉ माउंटन लँडिस १९४४ च्या नोव्हेंबरात वारले, तोवर एकाही संघाने ती मोडली नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपल्या वेगळ्या लीग उभ्या केल्या. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली, आणि सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांच्यासारखे खेळाडू तिथे घडले. गिब्सनच्या फटक्यांच्या कथा आजही सांगितल्या जातात. तो २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. रॉबिन्सन एबेट्स फील्डवर उतरला तेव्हा त्या मृत्यूला तीन महिनेही झाले नव्हते.

आणखी एक तारीख या दिवसाला अगदी चिकटून आहे. १६ एप्रिल १९४५. ‘पिट्सबर्ग कुरियर’चे पत्रकार वेंडेल स्मिथ यांनी बॉस्टनचे नगरसेवक इसाडोर मचनिक यांच्या मदतीने तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घ्यायला बॉस्टन रेड सॉक्सला भाग पाडलं. रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स. तिघांना काही दिवस ताटकळत ठेवलं, मग फेनवे पार्कवर तासाभराचा उपचार उरकला आणि पुन्हा कोणी निरोपसुद्धा धाडला नाही. याच रेड सॉक्सनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९५९ साली, सगळ्या संघांच्या शेवटी. जेथ्रोला मात्र बॉस्टनच्याच दुसऱ्या संघाने, ब्रेव्हजने, १९५० मध्ये घेतलं. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला. त्याच्या उमेदीची वर्षं कुणी परत करू शकलं नाही.

डॉजर्सचे सर्वेसर्वा ब्रँच रिकी धार्मिक वृत्तीचे होते आणि पक्के व्यवहारीही. कृष्णवर्णीय खेळाडू घ्यावेत असं त्यांना मनापासून वाटे; त्यांच्यामुळे संघ जिंकेल आणि तिकिटं खपतील हेही त्यांना दिसत होतं. या दोन हेतूंपैकी खरा कोणता, असा वाद अजून चालतो. मला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. बाकीच्या मालकांनाही जिंकायचं होतं आणि तिकिटं विकायची होती, पण त्यांच्यापैकी कोणी हे केलं नाही. रिकींनी आपला माणूस क्लाइड सुकफोर्थ याला शिकागोला पाठवून नीग्रो लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळणाऱ्या रॉबिन्सनला बोलावून घेतलं. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनमधल्या कचेरीत तीनेक तास ही भेट चालली. रिकी कधी उर्मट हॉटेलवाला झाले, कधी शिवराळ प्रतिस्पर्धी, कधी अंगावर धावून येणारा खेळाडू. हे सगळं सोसूनही उलट हात उगारायचा नाही, तोंड उघडायचं नाही, ही त्यांची अट होती.

ही अट कोणाला घातली जात होती, हे लक्षात घेतलं की तिचं ओझं कळतं. रॉबिन्सनचा जन्म १९१९ चा, जॉर्जियातल्या केरो गावचा. वाढला तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरला जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला होता. जॅकीने स्वतः लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार खेळांत नाव कमावलं. युद्धकाळात सैन्यात लेफ्टनंट असताना, १९४४ मध्ये, टेक्ससमधल्या कँप हूडला बसच्या ड्रायव्हरने त्याला मागे जाऊन बसायला सांगितलं. तो उठला नाही. त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. अन्याय दिसला की जागच्या जागी बोलणारा हा माणूस. त्यालाच काही वर्षं मुकं राहायला सांगण्यात आलं, आणि तो कबूल झाला. त्याच्या संयमाला पुष्कळ लोक स्वभाव समजतात. तो स्वभाव नव्हता. रोज सकाळी नव्याने घ्यावा लागणारा निर्णय होता तो.

१९४६ चा हंगाम त्याने मायनर लीगमध्ये मॉन्ट्रियल रॉयल्सकडून काढला आणि सरासरीत लीगमध्ये पहिला आला. १९४७ च्या वसंतात हवाना आणि पनामात सराव चालू असताना डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी त्याच्यासोबत खेळायला नकार देणारा अर्ज फिरवायला घेतला. संघाचे मॅनेजर लिओ ड्युरोशर यांनी मध्यरात्री सगळ्यांना उठवून एकत्र केलं आणि खरमरीत शब्दांत सुनावलं, की हा माणूस खेळणार आणि तुमच्यासाठी पैसे मिळवणार. आणि नेमके हेच ड्युरोशर पहिल्या सामन्याला नव्हते. दुसऱ्याच कारणासाठी आयुक्त हॅपी चँडलर यांनी ९ एप्रिलला त्यांना वर्षभरासाठी निलंबित केलं. दुसऱ्या दिवशी डॉजर्सनी रॉबिन्सनचा करार जाहीर केला. ड्युरोशर नसल्यामुळे १५ एप्रिलला संघाची सूत्रं तात्पुरती आली ती सुकफोर्थकडे, म्हणजे रॉबिन्सनला शिकागोहून घेऊन येणाऱ्या माणसाकडेच. प्रेक्षकांत रॉबिन्सनची पत्नी रेचेल होती, आणि तिच्या कडेवर पाच महिन्यांचा मुलगा.

आठवड्याने, २२ एप्रिलला, फिलाडेल्फिया फिलीजचा संघ ब्रुकलिनला आला. त्यांचे मॅनेजर बेन चॅपमन आणि खेळाडूंनी डगआउटमधून रॉबिन्सनवर वंशद्वेषी शिव्यांचा असा भडिमार केला की आपल्याला ते सहन होईना, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. शेवटी स्टँकीने त्यांच्यावर आवाज चढवला, की जो उलट बोलू शकतो त्याच्याशी भांडा. त्या हंगामात रॉबिन्सनला पिचरचा चेंडू नऊ वेळा लागला. वर्षअखेरीस त्याची सरासरी .२९७ होती, १२ होमरन होते आणि नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक, २९ बेस त्याने चोरले होते. सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मान त्याला मिळाला. डॉजर्सच्या मैदानावर वर्षभरात १८ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. ५ जुलैला लॅरी डोबी हा कृष्णवर्णीय खेळाडू क्लीव्हलँडकडून मेजर लीगच्या दुसऱ्या अंगात, अमेरिकन लीगमध्ये, उतरला आणि दुसरं दारही उघडलं.

या आनंदात एक हिशेब मात्र राहून गेला. रॉबिन्सनसाठी रिकींनी मोनार्क्सला छदामही दिला नाही. नेवार्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅनली खमक्या होत्या, म्हणून डोबीच्या बदल्यात त्यांच्या संघाला काही रक्कम तरी मिळाली. उत्तम खेळाडू निघून गेले आणि त्यांच्या मागोमाग प्रेक्षकही. नव्याने उभारलेली नीग्रो नॅशनल लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. कृष्णवर्णीय मालकी, कृष्णवर्णीय मॅनेजर, पंच, वार्ताहर असा एक अख्खा व्यवहार त्यासोबत कोसळत गेला. मेजर लीगने खेळाडू घेतले. मॅनेजर, अधिकारी, मालक मात्र घेतले नाहीत. समानता म्हणून जे झालं ते एकाच बाजूने झालं, हे बोलल्याशिवाय या दिवसाची गोष्ट पुरी होत नाही.

एप्रिलच्या मध्यावर हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, त्यामुळे १५ तारखेला बेसबॉलमध्ये बऱ्याच गोष्टी घडल्या आहेत. १९०९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या रेड एम्सने ब्रुकलिनला नऊ डावांत एकही हिट मिळू दिला नाही आणि तरी तेराव्या डावात तो ३-० असा हरला. १९५४ मध्ये सेंट लुईसहून हललेला संघ बॉल्टिमोर ओरिओल्स या नव्या नावाने आपल्या शहरात पहिल्यांदा खेळला. २००० साली त्याच ओरिओल्सच्या कॅल रिप्केनने मिनेसोटात आपला ३००० वा हिट नोंदवला. यांतली प्रत्येक नोंद आपापल्या जागी मोलाची आहे. पण १९४७ पासून पुढच्या काही १५ एप्रिल एकमेकींना धरून आहेत.

१९५८ ची घ्या. तोवर ब्रुकलिनमध्ये डॉजर्स उरलेच नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा रॉबिन्सन संघात होता. १९५६ अखेर डॉजर्सनी त्याचा सौदा न्यूयॉर्क जायंट्सशी केला. तिकडे जाण्याऐवजी त्याने निवृत्ती घेतली. नव्या मैदानाच्या जागेवरून मालक वॉल्टर ओ’मॅली आणि न्यूयॉर्क शहराचं जुळलं नाही. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना झाला, आणि डॉजर्स लॉस एंजेलिसला, तर जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले. १५ एप्रिल १९५८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सील्स स्टेडियमवर या दोन जुन्या वैऱ्यांचा सामना झाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा मेजर लीगचा तो पहिला सामना. जायंट्स ८-० असे जिंकले. डॉजर्सना एकही धाव न देणारा पिचर होता पोर्टो रिकोचा रूबेन गोमेझ. पोर्टो रिकोचाच ओरलँडो सेपेडा त्या दिवशी पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला आणि त्याने होमरन मारला. मधल्या क्षेत्रात विली मेज होता. अकरा वर्षांपूर्वी याच तारखेला सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता; आता एकाच संघाचा सगळा भार अशा खेळाडूंवर होता.

पण त्याच मेजला काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत घर घेताना काय भोगावं लागलं हेही इथेच सांगायला हवं. पूर्ण रोख रक्कम द्यायची तयारी असतानाही, शेजारच्यांच्या दबावामुळे घरमालकाने आधी घर विकायला नकार दिला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, महापौरांना लक्ष घालावं लागलं, तेव्हा कुठे व्यवहार झाला. मैदानावर ज्याचं स्वागत करायला शहर उत्सुक होतं, तो शेजारी म्हणून नको होता.

दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, हीच तारीख ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये आली. १५ एप्रिलच्या संध्याकाळी न्यूयॉर्क मेट्स आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज खेळायला उतरले आणि सामना संपेना. बेसबॉलमध्ये नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत खेळायचं असतं. इथे धावाच होत नव्हत्या. मेट्सच्या टॉम सीव्हरने दहा डाव टाकले आणि तो थांबला. सामना त्याच्यानंतर आणखी चौदा डाव चालला. मेट्सचे टॉमी एजी आणि रॉन स्वोबोडा दहा-दहा वेळा हिटविना परतले. मध्यरात्र उलटून गेल्यावर, चोविसाव्या डावात, अ‍ॅस्ट्रोजच्या बॉब अ‍ॅस्प्रोमॉंटेने मारलेला साधा सरपटी चेंडू मेट्सच्या अल वाइसकडून निसटला आणि ह्यूस्टनने १-० असा सामना जिंकला. सहा तास सहा मिनिटं लागली होती. १५ तारखेला सुरू झालेला हा सामना संपला १६ तारखेला, पण नोंद १५ चीच आहे.

त्या सामन्याची मौज सगळे सांगतात. त्याच मैदानावर त्याच्या आठवडाभर आधी काय झालं ते कमी लोक सांगतात. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. ह्यूस्टनमध्ये अ‍ॅस्ट्रोजचा पहिला सामना पिट्सबर्ग पायरेट्सशी ८ तारखेला होणार होता आणि किंग यांची अंत्ययात्रा होती ९ ला. पायरेट्सच्या संघात अकरा कृष्णवर्णीय खेळाडू होते. पोर्टो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे त्यांत अग्रणी होता. अंत्यविधी होईपर्यंत आम्ही खेळणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्यांचे गोरे साथीदारही त्यांच्या पाठीशी राहिले. हंगामाची सुरुवात १० एप्रिलला ढकलावी लागली. रॉबिन्सनला १९४७ मध्ये गप्प राहायची अट होती. त्यानंतर एकवीस वर्षांनी खेळाडूंनी मिळून नाही म्हटलं आणि बेसबॉलला थांबावं लागलं. चोविसाव्या डावापेक्षा ही गोष्ट मला कितीतरी मोठी वाटते.

चोवीस डावांच्या त्या रात्री मेट्सचे मॅनेजर होते गिल हॉजेस. १९४८ मध्ये रॉबिन्सन दुसऱ्या बेसवर गेला तेव्हा पहिल्या बेसवर त्याची जागा घेणारे डॉजर्सचे खेळाडू तेच. त्या सामन्यानंतर चार वर्षांनी, २ एप्रिल १९७२ रोजी, हॉजेस हृदयविकाराने अचानक गेले, आणि ते गेले तेव्हा बेसबॉलचा हंगाम सुरूच झालेला नव्हता. मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने १ एप्रिलला इतिहासातला पहिला मोठा संप पुकारला होता. मुख्य मुद्दा निवृत्तिवेतनाचा. १३ तारखेला संप मिटला, ८६ सामने कायमचे रद्द झाले, आणि १५ एप्रिल १९७२ रोजी हंगाम सुरू झाला.

रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याला त्या दिवशी पंचवीस वर्षं झाली. खेळाडूंच्या हक्कांच्या या लढ्यात तो आधीच उभा राहिलेला होता. सेंट लुईस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लडने आपल्याला न विचारता दुसऱ्या संघाकडे पाठवण्याविरुद्ध बेसबॉलवर खटला भरला, तेव्हा १९७० मध्ये त्याच्या बाजूने साक्ष द्यायला रॉबिन्सन न्यायालयात गेला. एकही खेळता खेळाडू आला नाही. करिअर धोक्यात घालायची कुणाची तयारी नव्हती. मधुमेहाने तोवर रॉबिन्सनची दृष्टी जात चालली होती. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी त्याचा सत्कार झाला. आभार मानून त्याने सांगितलं, की तिसऱ्या बेसच्या रेषेकडे पाहताना तिथे एखादा कृष्णवर्णीय मॅनेजर दिसला तर मला जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो गेला. १९७५ च्या हंगामासाठी क्लीव्हलँडने फ्रँक रॉबिन्सनला मॅनेजर नेमलं. मेजर लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर.

मग १९९७. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर डॉजर्स आणि मेट्सचा सामना पाचव्या डावानंतर थांबवला गेला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे कुबड्यांवर असलेले राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि ७४ वर्षांच्या रेचेल रॉबिन्सन मैदानात उभ्या असताना हंगामी आयुक्त बड सीलिग यांनी जाहीर केलं, की यापुढे कोणत्याही संघाचा कोणताही नवा खेळाडू ४२ हा आकडा घालणार नाही. एका खेळाडूचा आकडा सगळ्या लीगने निवृत्त करण्याची मेजर लीगमधली ही पहिलीच वेळ. जे आधीपासून ४२ घालत होते त्यांना मुभा मिळाली. त्यांतला शेवटचा होता यांकीजचा पनामाहून आलेला पिचर मारियानो रिव्हेरा. त्याने २०१३ पर्यंत तो जपून वापरला.

२००४ पासून १५ एप्रिल हा जॅकी रॉबिन्सन दिवस म्हणून अधिकृतपणे पाळला जातो. २००७ मध्ये केन ग्रिफी ज्युनियरने परवानगी मागितली, की त्या एका दिवशी मला ४२ घालू द्या. इतरांनीही मग तेच मागितलं, आणि २००९ पासून त्या दिवशी सगळ्या संघांचे सगळे खेळाडू ४२ घालून उतरतात. टीव्हीवर पाहणाऱ्याला कोण कोण ते ओळखू येत नाही, आणि मला ते आवडतं.

मात्र त्या दिवशी मैदानात कोण उभं आहे तेही मोजायला हवं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेजर लीगमध्ये अमेरिकी कृष्णवर्णीय खेळाडू १८ टक्क्यांच्या आसपास होते. अलीकडच्या वर्षांत ते ६ टक्क्यांच्या आसपास उतरले. कारणं अनेक आहेत. मुलांसाठी हा खेळ महाग झाला आहे. लहान वयातच गावोगावी फिरणारे खासगी संघ, त्यांचे शुल्क, प्रवास आणि साहित्य हे सगळं सामान्य घराला झेपत नाही. बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल त्या मुलांना लवकर आणि स्वस्तात ओढून घेतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकात संघांनी अकादम्या उभारल्या आणि तिथून अनेक उत्तम खेळाडू आले, ते चांगलंच झालं; पण अमेरिकेतल्या शहरांमधल्या वस्त्यांकडे तितकं लक्ष दिलं गेलं नाही.

२०२२ ची वर्ल्ड सिरीज ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज आणि फिलाडेल्फिया फिलीज यांच्यात झाली. अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू दोन्ही संघांच्या सिरीजसाठीच्या यादीत नव्हता. १९५० नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. अ‍ॅस्ट्रोजचे मॅनेजर मात्र होते ७३ वर्षांचे डस्टी बेकर, स्वतः कृष्णवर्णीय, आणि ती सिरीज त्यांनी जिंकली. सिनसिनाटीत रॉबिन्सनला जे दिसायला हवं होतं ते त्या वर्षी दिसत होतं, आणि एबेट्स फील्डवर त्याने जे सुरू केलं होतं ते मात्र दिसत नव्हतं. त्याच वर्षी जुलैत मेजर लीगच्या वार्षिक निवडीत पहिल्या पाच नवोदितांपैकी चौघे अमेरिकी कृष्णवर्णीय होते. लीगने उशिरा का होईना, सुरू केलेल्या प्रशिक्षण शिबिरांतून पुढे आलेली ही मुलं होती.